एकेचाळीस मिनिटांचा मारवा

दर तीन महिन्यांनी मला एक मेल येतो. माझी गाणी निरनिराळ्या ॲपांवर चढवून देणारी एक मध्यस्थ कंपनी आहे, तिचा. सोबत एक्सेलची फाइल असते. कोणत्या देशात, कोणत्या ॲपवर, कोणतं गाणं किती वेळा वाजलं आणि त्याचे किती पैसे झाले, असा ओळीनं हिशेब. मोबाइलवर रकाने एकमेकांत घुसतात म्हणून संध्याकाळचा क्लास सुटला की मी मुलाच्या लॅपटॉपवर ती उघडते. शेवटच्या रकान्यात शून्य, टिंब, पुन्हा शून्यं आणि अगदी टोकाला एखादा आकडा. पडद्यावर बोट ठेवून शून्यं मोजावी लागतात. मागच्या फाइलमध्ये एक ओळ ०.०००८१ डॉलरची होती. म्हणजे साधारण सात पैसे. ती ओळ माझ्या मारव्याची होती.

सात पैशांचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. पण त्याहून जास्त खुपला तो अलीकडचा रकाना. तिथे लिहिलं होतं: १.

हा मारवा एकेचाळीस मिनिटांचा आहे. विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल. कोल्हापुरातल्या स्टुडिओत दोन दिवस लागले. तबल्यावर आणि पेटीवर जे दोघं आहेत ते माझ्याबरोबर वीस वर्षं वाजवताहेत. तानपुरा आमच्या मिरजेचाच, सतारमेकर गल्लीत जवारी काढून आणलेला. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी कारागिरानं तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे असा सरकवत पाऊण तास घालवला, तेव्हा कुठे षड्ज उघडला. त्याची मजुरी मी तिथल्या तिथे हातावर ठेवली. साथीदारांचं मानधन रेकॉर्डिंग संपल्यावर दिलं. ही सगळी पदरमोड. आणि एवढ्या सगळ्याचा त्या रकान्यात झालेला आकडा १. खालच्या ओळीत माझाच साडेपाच मिनिटांचा अभंग होता. तोही १.

नियम असा आहे: गाणं तीस सेकंद वाजलं की एक ऐकणं धरलं जातं. स्पॉटिफाय असंच मोजतं. एकतीस सेकंदांचा तुकडा आणि एकेचाळीस मिनिटांचा ख्याल मोजणीत सारखे. माझा मारवा कुणी शेवटपर्यंत ऐकला, तर तेवढ्या वेळात दुसरीकडे दोन-दोन मिनिटांची वीस गाणी वाजून होतात. त्यांचे वीस, माझा एक.

माझ्या मारव्यात सुरुवातीची पस्तीस सेकंदं नुसता तानपुरा आहे. हे मी मुद्दाम ठेवलंय. मारव्यात षड्ज लांबवायचा असतो. गाणारा मंद्र निषादावरून कोमल रिषभावर येतो आणि तिथेच घुटमळतो. ऐकणाऱ्याला षड्जाची ओढ लागते आणि आपण तो देत नाही. ही ओढ लागायची, तर आधी तानपुऱ्याचा षड्ज कानात भरलेला पाहिजे. त्यासाठी ती पस्तीस सेकंदं. म्हणजे मी तोंड उघडायच्या आत ॲपचं मोजून झालेलं असतं. पुढची चाळीस मिनिटं तुम्ही ऐकलीत काय आणि न ऐकलीत काय, हिशेबाला फरक पडत नाही. मी जे गायले ते पैशांच्या गणितात येतच नाही.

या नियमाचा अर्थ अमेरिकेतल्या वल्फपेक नावाच्या बँडला फार लवकर कळला. २०१४ साली त्यांनी ‘स्लीपिफाय’ नावाचा अल्बम स्पॉटिफायवर चढवला. दहा ‘गाणी’, प्रत्येक तीस सेकंदांच्या जरा वर, आणि सगळ्यांत शांतता. एक सूर नाही. चाहत्यांना त्यांनी सांगितलं, रात्री झोपताना हे लावून ठेवा. स्पॉटिफायनं अल्बम काढून टाकेपर्यंत सुमारे वीस हजार डॉलर जमा झाले होते आणि त्यातून त्यांनी दौरा केला, ज्याला तिकीट नव्हतं. त्या बँडला मी दोष देत नाही. एकतीस सेकंदांच्या शांततेला आणि भरलेल्या ख्यालाला एकच भाव देणारी मोजणी ज्यांनी केली, दोष त्यांचा आहे.

त्याचा परिणाम गाण्यावर होतोय, हे मी रोज बघते. क्लासमधली एक मुलगी, बारावीत आहे, गळा उत्तम, परवा मला म्हणाली, “बाई, आलाप सुरुवातीला नको ना, मुखडा आधी घ्या. लोक पुढे ढकलतात.” ती मनापासून सांगत होती, माझ्या भल्यासाठी. मी तिला म्हटलं, बाळ, आधी मुखडा घेतला तर आलापाचं काम काय उरलं? तिच्याकडे उत्तर नव्हतं, पण तिच्या फोनमध्ये होतं. तिथली बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत आटोपतात आणि सुरुवातीचं वाद्यसंगीत जवळपास गेलंय. आपल्या जुन्या भावगीतांत गाणं सुरू होण्याआधी व्हायोलिनचा आणि बासरीचा जो तुकडा यायचा, त्यावरून तर गाणं ओळखू यायचं.

तीन मिनिटांचं बंधन आपल्या संगीताला नवीन नाही, हे मला कुणी सांगू नये. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर तीनेक मिनिटंच मावत. आमच्या मिरजेच्या मातीत विसावलेले अब्दुल करीम खाँसाहेबही त्याच तीन मिनिटांत गायले आणि त्या तबकड्या आजही अंगावर काटा आणतात. पण ते बंधन लाखेच्या तबकडीचं होतं. जागाच नव्हती. पुढे एलपी आली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचा ख्याल मावू लागला, तशी गाणाऱ्यांनी ती जागा भरून काढली. आज जागेला तोटा नाही. दोन तासांचा राग चढवा, ॲप नाही म्हणत नाही. फक्त पैसे तीस सेकंदांचे मिळतात.

आता दुसरं गाऱ्हाणं. हे ऐकणाऱ्यांचंही आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महिन्याला वर्गणी भरून तुम्ही गाणी ऐकता तेव्हा तुमची समजूत असते की आपण ज्यांना ऐकतो त्यांना आपले पैसे जातात. तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचं उत्पन्न एका तळ्यात जमा होतं. बहुतेक ठिकाणी देशागणिक वेगळं तळं. ॲप स्वतःचा वाटा काढून घेतं. स्पॉटिफाय सांगतं की सुमारे दोन तृतीयांश रक्कम हक्कदारांना जाते. त्या दोन तृतीयांशाचे वाटे पडतात ते एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात. महिन्याभरात देशात जेवढी गाणी वाजली, त्यांतली तुमची किती टक्के, तेवढे टक्के पैसे तुमचे.

ऐकायला न्याय्य वाटतं. मलाही वाटलं होतं. मग मी वहीवर मांडून बघितलं.

समजा तळ्यात दोनच माणसं आहेत. एक आमच्या गल्लीतल्या निवृत्त मास्तरीणबाई. रात्री झोपण्यापूर्वी दोन राग ऐकतात, महिन्याला साठ. दुसरा कोपऱ्यावरच्या जिमचा मालक. त्याच्याकडे सकाळी पाचपासून गाणी सुरू असतात, महिन्याला एक हजार नऊशे चाळीस. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा वर्गणी महिन्याला ११९ रुपये होती. हिशेबाच्या सोयीसाठी १२० धरू. दोघांचे मिळून २४०. त्यांतले १६० वाटायला. एकूण ऐकणी दोन हजार, त्यांतली बाईंची साठ, म्हणजे तीन टक्के. बाई ज्यांना ऐकतात त्या सगळ्या ख्यालगायकांना मिळून मिळाले ४ रुपये ८० पैसे. बाईंनी भरलेल्या पैशांतला वाटण्याजोगा भाग होता ८० रुपये. म्हणजे त्यांचे ७५ रुपये २० पैसे जिममधल्या गाण्यांना गेले. ती गाणी त्यांनी जन्मात ऐकली नाहीत आणि ऐकणारही नाहीत.

जिमच्या मालकाबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं त्याची वर्गणी भरली आहे. पण बाईंना कुणी विचारलं होतं का, की तुमचे पैसे कुणाला देऊ?

आपल्याकडे कलावंताला पैसे द्यायच्या जुन्या रीती आहेत आणि त्या सगळ्या सरळ आहेत. कीर्तन संपलं की बुवांच्या आरतीच्या तबकात लोक पैसे टाकतात. ते बुवांचे आणि त्यांच्या साथीदारांचे असतात. ज्या दुसऱ्या गावात जास्त गर्दी जमली तिथल्या बुवांकडे ते तबक कुणी उचलून नेत नाही. संगीतबारीत दौलतजादा होतो तेव्हा कुणी, कुणासाठी, किती दिले हे सर्वांसमक्ष पुकारलं जातं. त्यातही मालकाचा, ढोलकीवाल्याचा, पेटीवाल्याचा वाटा असतो आणि त्या वाट्यांवरून भांडणंही होतात, हे मला ठाऊक आहे. पण पैसा त्या बारीच्या आत राहतो. आकाशवाणी सांगलीवर मी गेली कित्येक वर्षं गाते. तिथे माझ्या श्रेणीप्रमाणे आणि कार्यक्रमाप्रमाणे मानधन मिळतं. त्या वेळी शेजारच्या केंद्रावर काय वाजत होतं, यावरून माझं मानधन कमी होत नाही.

तळं राखी तो पाणी चाखी, ही म्हण आपण कारभाऱ्यांसाठी वापरतो. इथे तळं राखणाऱ्यानं त्याचं पाणी आधीच मोजून घेतलेलं आहे. उरलेल्यातही ज्याची घागर मोठी त्याच्याकडेच चर खणलेला आहे.

या तळ्याचं आणखी एक दुखणं आहे. त्यात कुणी खोटी ऐकणी ओतली, की इतर सगळ्यांचा वाटा तेवढा घटतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका माणसावर खटला दाखल झाला. यंत्राकडून लाखो गाणी बनवून घ्यायची, हजारो बनावट खात्यांवरून ती रात्रंदिवस वाजवायची, आणि अशा रीतीनं एक कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी उचलायची, असा तो आरोप. आरोपपत्रातले पैसे ॲपच्या खिशातून गेलेले नाहीत. वाटणीचे होते. म्हणजे ज्यांची गाणी खरोखर कुणी ऐकली त्यांचे होते.

आता हजाराच्या नियमाबद्दल. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पॉटिफायनं जाहीर केलं आणि २०२४ च्या सुरुवातीपासून लागू केलं: मागच्या बारा महिन्यांत ज्या गाण्याची हजार ऐकणी झाली नसतील, त्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळणार नाही. ते पैसे कंपनी ठेवून घेत नाही, हेही तिनं सांगितलं. ते बाकीच्या गाण्यांत वाटले जातात. कारण असं दिलं की हजारापेक्षा कमी ऐकणी असलेल्या गाण्याला महिन्याला सरासरी तीन सेंट मिळतात, आणि मध्यस्थ कंपन्यांची किमान रक्कम आणि बँकेचं शुल्क यांमुळे ते बहुधा कलाकारापर्यंत पोचतच नाहीत.

यातली दुसरी गोष्ट खरी आहे, मी स्वतः अनुभवते. माझ्या मध्यस्थ कंपनीची किमान रक्कम आहे. तेवढी जमेपर्यंत पैसे खात्यातच दिसतात, हातात येत नाहीत. पहिले पैसे काढायला मला दोन वर्षं थांबावं लागलं. त्यासाठी आधी पॅन, मग परदेशी कराचा अर्ज, मग बँकेचा कोड, आणि नावातल्या एका स्पेलिंगमुळे सगळं परत आलं. पण याचा इलाज काय काढला? पैसे पोचायची वाट अरुंद आहे म्हणून पैसेच बंद केले. दूध पोचवायचा रस्ता खराब आहे म्हणून गवळ्याचा रतीब दुसऱ्याच्या घागरीत ओतायचा, असा हा न्याय झाला. तीन सेंट माझे असतील तर ते साठू द्या. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण मुलांना शिकवतो ना? माझ्या मारव्याची वर्षभरात सगळ्या ॲपांवर मिळून सहाशे चाळीस ऐकणी झाली. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकला असं मी धरत नाही. प्रत्येकानं निम्मा ऐकला असं धरलं, तरी दोनशे तासांच्या वर होतात. दोनशे तास माणसं माझ्या गाण्यापाशी बसली. जिथे हजाराचा नियम आहे, तिथे हे दोनशे तास म्हणजे काहीच नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. साउंडक्लाउडनं एप्रिल २०२१ पासून स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळी वाटणी सुरू केली: ज्या श्रोत्याचे पैसे, ते त्यानं ऐकलेल्या गाणाऱ्यांत वाटायचे. बर्लिनच्या इडाजिओनं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतासाठी यापुढचं पाऊल टाकलं. तिथे श्रोत्यागणिक हिशेब आहेच, शिवाय ऐकणं सेकंदांत मोजतात. चाळीस मिनिटांची सिंफनी ही चाळीस मिनिटांची धरली जाते. माझ्या मते आपल्या रागसंगीताला हाच एक मार्ग योग्य आहे आणि त्यात तांत्रिक अडचण कसली? तुम्ही गाणं कुठे थांबवलंत हे ॲपला सेकंदापर्यंत ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करून देतं.

फ्रान्सच्या डीझरनं २०२३ मध्ये युनिव्हर्सल या संगीत कंपनीबरोबर जी पद्धत आणली तिचं बरंच कौतुक झालं. पावसाचे आणि पंख्याचे आवाज तिनं वाटणीतून बाहेर काढले, हे चांगलंच केलं. पण महिन्याला किमान पाचशे वेगवेगळे श्रोते आणि हजार ऐकणी असतील त्याला दुप्पट, ही त्यातली दुसरी अट. पाचशे श्रोते ज्याला आहेत त्याला आणखी द्यायचं आणि साठ निष्ठावंत श्रोते असलेल्याकडून घ्यायचं, हे मला पटलेलं नाही.

कायद्याकडे वळावं तर तिथे अर्धीच वाट आहे. गायकाला रॉयल्टी हवी की नको, यावरून साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब यांच्यात मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटाच्या संगीतावर निर्मात्याचा हक्क मान्य केला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाच्या हक्काचा संसदेनं विचार करावा असं स्वतंत्रपणे लिहून ठेवलं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानं लिहून घेता येणार नाही असं ठरलं आणि गायक-वादकांचा रॉयल्टीचा हक्कही कायद्यात आला. पण वाटा कशातला? मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं की रेडिओसाठी जो कायदेशीर परवान्याचा मार्ग आहे, तो इंटरनेटवरच्या गाण्यांना लागू नाही. त्यामुळे ॲप आणि संगीत कंपन्या आपसांत करार करतात, दर तिथे ठरतो आणि तो करार गाणाऱ्याला बघायला मिळत नाही. त्यातही चित्रपटातल्या गाण्याला गीतकार आहे, संगीतकार आहे. माझी बंदिश परंपरेतली. तिला कुणाचा वाटा नाही. ध्वनिमुद्रणाचे जे मिळतील ते सात पैसे, तेवढेच.

आणि शेवटची गोष्ट, जी पैशांची नाही. मारवा चढवताना मी तबलावादकाचं आणि संवादिनीवादकाचं नाव अर्जात भरलं होतं. तीन ॲपांवर शोधलं. एकावर कुठेतरी तीन टिंबांच्या आत, ‘श्रेय’ असं दाबल्यावर दिसतं. दुसऱ्यावर तबलावादकाचं नाव गायकांत घातलंय. तिसऱ्यावर दोघंही नाहीत. माझे पेटीवाले काका पंचाहत्तरीचे आहेत. त्यांनी नातीला फोनवर आपलं नाव दाखवायला सांगितलं, आणि तिनं बराच वेळ शोधून फोन खाली ठेवला. गौहर जान गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायच्या, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या माणसाला लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं लागे. म्हणजे नाव पोचवायची काळजी १९०२ मध्येही घ्यावी लागत होती आणि ती घेतली जात होती.

ॲपवाल्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत: ऐकणं मिनिटांत मोजा, ज्याची वर्गणी ती त्यानं ऐकलेल्यांना द्या, साथीदारांची नावं गाणाऱ्याच्या नावाखाली लिहा. त्या पुऱ्या होतील तेव्हा होतील. तुम्हाला मात्र एक विनंती करते. या महिन्यात तुम्ही सर्वांत जास्त ज्यांना ऐकलंत, त्यांची बैठक तुमच्या जवळपास कुठे असेल तर तिकीट काढून जा. पूर्ण ख्याल संपेपर्यंत बसा. आणि निघताना तबल्यावर कोण होतं, पेटीवर कोण होतं, हे विचारून घ्या.